पिकअपला मागचा अँटी-रोल बार बसवताना: मोजमापापासून शेवटच्या बोल्टपर्यंत

पिकअपचा पुढचा आणि मागचा भाग मुळातच वेगळ्या कामासाठी बनवलेला असतो. पुढे इंजिनाचं वजन, स्वतंत्र सस्पेन्शन आणि बहुतेक गाड्यांत कारखान्यातूनच आलेला अँटी-रोल बार. मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बांधलेलं अखंड हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी धुऱ्याची जाड लोखंडी नळी, आणि त्यावर कधी रिकामा तर कधी गच्च भरलेला हौदा. माल उंच रचला किंवा हौद्यावर कॅनोपी चढवली की वळणावर मागची बाजू कलते, आणि स्टिअरिंग सरळ केल्यावरही तिला सावरायला वेळ लागतो. बाहेरून घेतलेला मागचा अँटी-रोल बार (कुणी त्याला स्वे बार म्हणतं, कुणी स्टॅबिलायझर) हा यावरचा चांगला इलाज आहे. हाताला थोडी हत्यारांची सवय असलेल्या माणसाला तो घरी बसवता येतो. मात्र काम नीट झालं की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: बार हलताना कशालाही लागू नये, आणि गाडी सपाट जमिनीवर उभी असताना त्यात पीळ नसावा. बोल्ट आवळणं हा त्यातला सोपा भाग आहे.

आधी गरज तपासा

अँटी-रोल बार म्हणजे स्प्रिंग स्टीलचा दांडा, दोन्ही टोकं वाकवून हातांसारखी काढलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली, उदाहरणार्थ गतिरोधकावरून सरळ जाताना, तर बार आपल्या बुशांत (त्याला धरणाऱ्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कड्यांत) नुसता फिरतो, विरोध करत नाही. एक बाजू दबली आणि दुसरी उचलली गेली की मधला सरळ भाग ओल्या फडक्यासारखा पिळला जातो. तो पीळ उलगडायला बघतो, आणि तोच जोर गाडीला सरळ धरतो.

यातून काही गोष्टी आपोआप निघतात. बारमुळे गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. पाटे बसले असतील, मागची बाजू खाली आली असेल, तर त्याला पाट्यांचंच काम करावं लागतं. एकच चाक खड्ड्यात गेलं तर त्याचा हिसका आता थोडा दुसऱ्या बाजूलाही पोचेल. आणि उंचसखल कच्च्या वाटेवर चाकं एकमेकांपासून मोकळी वर-खाली होतात, ते थोडं कमी होईल. ज्यांची गाडी जास्त करून दगडधोंड्यांतून चालते त्यांनी लिंक (बारच्या हाताला चासीशी किंवा हाउसिंगशी जोडणारी छोटी दांडी) पटकन सोडता येणारा किट घ्यावा, किंवा हा विचारच सोडावा.

गाडीच्या वागण्यातला बदल यापेक्षा महत्त्वाचा. मागचा कडकपणा वाढला की वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो आणि आतल्या टायरवर कमी. वळणात नाक बाहेर ढकलणारी पिकअप त्यामुळे जास्त आज्ञाधारक वाटते. भरलेल्या गाडीत हे सुख आहे. पण हौदा रिकामा असेल आणि रस्ता ओला, तर तोच कडकपणा मागच्या टायरची पकड लवकर सोडवू शकतो. साधा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे हाउसिंगच्या मधले गिअर) असलेल्या गाडीत आखूड वळणावर जोर दिला तर आतलं चाक मोकळं फिरूही लागतं. म्हणून सगळ्यात जाड बार तो सगळ्यात चांगला, हे गणित इथे चालत नाही.

जाडीचा परिणाम किती असतो ते आकड्यात बघा. भरीव बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरचा बार काढून त्याच आकाराचा २५ मिलिमीटरचा लावला, म्हणजे जाडी फक्त ३ मिलिमीटरने वाढली, तरी कडकपणा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो. हाताची लांबी कमी केली तरी तोच परिणाम: २५० मिलिमीटरच्या जागी २२५ वर लिंक लावली की कडकपणा साधारण २३ टक्क्यांनी वाढतो. काही बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात ती याचसाठी. टोकाकडचं भोक मऊ, आतलं भोक कडक. ज्यांचा हौदा बहुतेक वेळा अर्धा रिकामा असतो त्यांनी मध्यम जाडीचा, भोकं असलेला बार घ्यावा असं मी ठामपणे सांगेन.

किट मागवण्याआधी जुनं सस्पेन्शन हाताने तपासून घ्या. शॉकअपमधून तेल गळतंय का, पाट्यांचे बुश फाटलेत का, मधला बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट आहेत का, टायरमध्ये हवा बरोबर आहे का. डोलण्याचं खरं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. मेलेल्या शॉकअपवर बार बसवला तर गाडी कमी कलेल, पण हिंदकळायची थांबणार नाही. गाडी लिफ्ट केलेली असेल तर विक्रेत्याला किती इंच ते आधीच सांगा, कारण लिंक त्या मापाने लांब लागतात. तुमच्या भागातल्या वाहन-बदलाच्या नियमांत आणि विम्याच्या अटींत हा बदल बसतो का, तेही आधीच बघून ठेवा.

खोका उघडल्यावर

किटमध्ये साधारणपणे बार, पॉलियुरेथेनचे दोन बुश, त्यांना धरणारे इंग्रजी डी आकाराचे ब्रॅकेट, हाउसिंगला मिठी मारणारे यू-बोल्ट, दोन लिंक, चासीवर लागणारे ब्रॅकेट आणि नट-बोल्टांची पिशवी असते. सगळं जमिनीवर मांडून यादीशी ताडून बघा. नट नायलॉक असतील तर ते एकदाच वापरायचे असतात. नायलॉनचं कडं एकदा आट्यांवरून गेलं की त्याची पकड कमी होते. म्हणून नुसतं मापून बघण्यासाठी त्याच आट्यांचे साधे नट जवळ ठेवा. बोल्टांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा (ग्रेड) कोरलेला असतो. एखादा बोल्ट हरवला तर त्याच आकड्याचा आणा, डब्यात सापडलेला कुठलाही लावू नका.

किट दोन पद्धतीचे असतात. पहिल्यात बार हाउसिंगवर यू-बोल्टने बसतो आणि लिंक वर चासीकडे जातात. दुसऱ्यात बार चासीला लागतो आणि लिंक खाली हाउसिंगकडे येतात. पाट्यांच्या पिकअपमध्ये पहिली पद्धत सोपी पडते, म्हणून पुढची पावलं तिच्याप्रमाणे दिली आहेत. दुसऱ्या पद्धतीत क्रम तोच राहतो, फक्त बार हाउसिंगबरोबर वर-खाली होत नाही, त्यामुळे जागा तपासताना उलटा विचार करावा लागतो.

हत्यारांत पान्हे आणि सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळू देणारा पान्हा), तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, मोजपट्टी, रंगाचा मार्कर आणि सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियमवर आधारित साधं ग्रीस पाण्याने लवकर धुऊन जातं आणि रबरी बुश असेल तर त्याला फुगवतं, म्हणून ते टाळा. मदतीला एक माणूस हवाच. बार जड असतो, आणि तो डोक्यावर धरून एकट्याने नट शोधणं धोक्याचं आहे.

गाडी कशी उभी करायची

इथे घाई करू नका. जागा सपाट आणि टणक हवी. पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे मागची चाकं जमिनीवरून उचलली की हँडब्रेक गाडीला धरू शकत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

बऱ्याच पिकअप इतक्या उंच असतात की चाकं जमिनीवर ठेवूनच खाली सरकता येतं. या कामासाठी ती सगळ्यात चांगली स्थिती, कारण सस्पेन्शनवर खरं वजन असतं. जागा कमी पडली तर मागची बाजू उचलून जॅक स्टँड हाउसिंगच्या नळीखाली लावा, पाट्यांच्या जवळ. स्टँड चासीखाली लावले तर हाउसिंग लोंबकळतं आणि सगळी मापं चुकतात. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली स्टँड लावू नका, आणि जिथे यू-बोल्ट येणार तिथेही नको. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावल्यावर खाली शिरण्याआधी गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघा.

शक्य असेल तर स्पेअर चाक काढून ठेवा. हात फिरायला जागा मिळते आणि सायलेन्सरचा पाइप कुठून जातो ते स्पष्ट दिसतं.

हाउसिंगच्या अंगावर काय काय आहे

बार हातात घेण्याआधी टॉर्च घेऊन हाउसिंगची एक टोक ते दुसरं टोक पाहणी करा. नळीला चिकटून ब्रेकची लोखंडी पाइप जाते. तिच्या जवळ एबीएसची वायर, हँडब्रेकच्या केबल आणि डिफरन्शियलची हवा सोडणारी रबरी नळी असते. बऱ्याच पिकअपमध्ये हाउसिंगपासून चासीवरच्या व्हॉल्व्हकडे जाणारी एक बारीक सळी असते. हौद्यात भार वाढला, मागची बाजू खाली गेली, की ही सळी व्हॉल्व्हला सांगते की मागच्या ब्रेकला जास्त दाब दे. बार किंवा ब्रॅकेट या सळीला लागला, ती किंचित वाकली, तरी मागच्या ब्रेकचा हिशोब बिघडतो. गाडी चालवताना हे लगेच कळत नाही, कळतं ते जोरात ब्रेक मारण्याची वेळ आल्यावर. म्हणून तिच्या भोवती मोकळी जागा राहील अशीच रचना करा. सळी सोडून, वाकवून जागा करण्याचा पर्याय डोक्यातून काढून टाका.

यू-बोल्ट जिथे बसणार ती जागा तारेच्या ब्रशने घासून गंज, चिखल काढा आणि रंगाचा हात मारून वाळू द्या. ब्रेक पाइप यू-बोल्टच्या खाली येत असेल तर तिची क्लिप सोडून पाइप हलकेच बाजूला घेता येते का बघा. जोडणी न उघडता आणि तीव्र कोन न पडता ती सरकली तर ठीक. नाही सरकली तर यू-बोल्टची जागा बदला.

बार चढवणं

आता क्रमाने.

बुशच्या आतल्या बाजूला सिलिकॉन ग्रीस सढळ हाताने लावा आणि कापाच्या जागी बुश उघडून बारवर चढवा. काप कोणत्या बाजूला यावा हे किटच्या कागदावर दिलेलं असतं, तसाच ठेवा. बुश बारवर हाताने फिरला पाहिजे. फिरत नसेल तर माप चुकीचं आहे. पॉलियुरेथेन रबरासारखं पिळ खात नाही, बार त्याच्यात सरकूनच फिरतो. म्हणून कोरडा बुश कुरकुरतो आणि लवकर झिजतो.

मदतनिसाला बार हाउसिंगच्या मागे धरायला सांगा आणि यू-बोल्ट, बुश आणि ब्रॅकेट लावून नट हाताने फिरवा, फक्त बार लटकेल इतपत. बारचे हात जमिनीला साधारण समांतर आणि दोन्ही बाजूंना पाट्यापासूनचं अंतर सारखं यायला हवं. डोळ्याने अंदाज न घेता पट्टीने मोजा. काही बारवर बुशच्या शेजारी अडकवायची कडी दिलेली असते. बार आडवा सरकून ब्रॅकेटवर आदळू नये म्हणून ती असते, जादा म्हणून बाजूला टाकू नका.

मग यू-बोल्ट आवळा, पण एकाच नटाला शेवटपर्यंत नेऊ नका. डावा, उजवा, डावा, उजवा, थोडं थोडं. दोन्ही पायांवर नटाबाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. एका बाजूला चार आटे जास्त बाहेर असतील तर यू-बोल्ट तिरका बसलाय, आणि काही दिवसांच्या धक्क्यांनी तो सरळ होऊन ढिला पडेल. हे यू-बोल्ट पाट्यांच्या यू-बोल्टपासून वेगळे आहेत. पाट्यांचे सोडायची गरज पडत असेल तर थांबा आणि कागद पुन्हा वाचा.

चासीवरचे ब्रॅकेट

चांगला किट चासीची आधीची भोकं वापरतो किंवा चासीला बाहेरून पकडतो. तसं असेल तर या भागात तुमचं काम दहा-पंधरा मिनिटांचं.

भोक पाडावंच लागलं तर चासीच्या उभ्या भिंतीच्या मध्यावर पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना भोक पाडू नका. चासी वाकताना सगळ्यात जास्त ताण त्या पट्ट्यांत येतो, उभ्या भिंतीच्या मध्यावर तो कमीत कमी असतो. पट्टीच्या कडेला पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होतो, आणि भरल्या गाडीत तो पुढे सरकत जातो. ड्रिल लावण्याआधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते हाताने चाचपून घ्या: इंधनाची पाइप, वायरिंग, टाकी. आधी बारीक बिट, मग मोठा. भोकाची कड कानसने गुळगुळीत करा आणि उघड्या लोखंडावर झिंक प्रायमर मारा. बॉक्स, म्हणजे चारी बाजूंनी बंद चासीत बोल्टमागे नट धरायला हात पोचत नाही, त्यासाठी पट्टीला वेल्ड केलेला नट आत सरकवावा लागतो, तो किटमध्ये असायला हवा. चासीवर वेल्डिंग करून ब्रॅकेट लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. उष्णतेने चासीचं पोलाद त्या जागी कमजोर होतं.

लिंक, आणि सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं

लिंकचं वरचं टोक चासीच्या ब्रॅकेटला लावा, नट ढिला. एका बाजूची लिंक बारच्या हाताला जोडा. भोकं एकापेक्षा जास्त असतील तर सुरुवात टोकाच्या, म्हणजे मऊ भोकापासून, आणि दोन्ही बाजूंना तेच भोक.

आता दुसऱ्या बाजूचा बोल्ट. सस्पेन्शनवर पूर्ण वजन असलं पाहिजे, आणि शक्यतो तुम्ही रोज नेता तेवढा भार हौद्यात. या अवस्थेत बोल्ट बोटांनी ढकलल्यावर आत जायला हवा. भोकं जुळत नसतील, बारला दाबून, पहार लावून किंवा हातोड्याने ठोकून बोल्ट घालावा लागत असेल, तर बारमध्ये आधीच पीळ भरलाय. असा बार एका चाकावर कायम जोर देत राहतो. गाडी एका बाजूला किंचित झुकते आणि डावं वळण एक, उजवं दुसरंच अशी वागते. लिंक फिरवून लांबी बदलता येत असेल तर त्या बाजूची लिंक अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा, बोल्ट सहज सरकेपर्यंत. लांबी ठराविक असेल तर यू-बोल्ट ढिले करून बार किंचित फिरवा, आणि जमीन खरोखर सपाट आहे का ते पुन्हा बघा. एक चाक दोन सेंटिमीटर वर असेल तरी इथे फरक पडतो.

बोल्ट बसला की लिंक समोरून आणि बाजूने जवळजवळ उभी दिसली पाहिजे. पाटे दबताना लांब होतात, त्यामुळे हाउसिंग थोडं मागे सरकतं आणि लिंकही थोडी कलते, तेवढी मुभा तिला लागते.

वर आणि खाली, दोन्ही टोकांना

अजून काहीही पक्कं आवळायचं नाही. आधी सस्पेन्शनची पूर्ण चाल तपासा.

खालची बाजू: चासी उचलून स्टँडवर ठेवा आणि हाउसिंगला पूर्ण लोंबू द्या. बारचा हात आणि लिंक एका रेषेत येऊ देऊ नका. तसं झालं तर चाक परत वर येताना लिंक उलट्या दिशेला मुडपू शकते. रबरी ब्रेक होज ताणली जाते का तेही बघा.

वरची बाजू: गाडी उभी असताना हाउसिंग आणि बंप स्टॉप (हाउसिंग वर आदळू नये म्हणून चासीला लावलेला रबरी ठोकळा) यांच्यातलं अंतर मोजा. समजा ते ८० मिलिमीटर आहे. बार हाउसिंगबरोबर तेवढा वर जाणार, आणि बंप स्टॉपचं रबर दबल्यावर आणखी थोडा. म्हणजे बारच्या वर जे काही आहे, स्पेअर चाक, टाकी, आडवी पट्टी, सायलेन्सर, त्या प्रत्येकापासून ११०-१२० मिलिमीटर मोकळे हवेत. शंका असेल तिथे मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवा आणि खराब रस्त्यावर सावकाश एक चक्कर मारून या. गोळ्यावर ठसा उमटला असेल तर उत्तर मिळालं. सायलेन्सरच्या गरम पाइपपासून बुश आणि वायर किमान दोन बोटं लांब राहतील असं बघा. स्पेअर चाक परत लावल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

पक्कं आवळणं

गाडी चाकांवर, मोकळ्या जागेत सपाट उभी करून मगच टॉर्क रेंच हातात घ्या. किटच्या कागदावरचा आकडा शेवटचा. तो नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टसाठी साधारण अंदाज असा: एम ८ (८ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट) ला २५, एम १० ला ४५ ते ५०, एम १२ ला ८० ते ८५ न्यूटन-मीटर. लिंकच्या पॉली बुशना हा आकडा लावू नका. त्यांना वायसरखाली बुश किंचित फुगलेला दिसेपर्यंतच आवळायचं. बुश बाहेर येईपर्यंत दाबला की तो लवकर फाटतो आणि लिंकची हालचाल आखडते. बोल्ट बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीतून जात असेल तर तिथे मात्र पूर्ण टॉर्क.

साधे नट काढून नायलॉक लावलेत ना, ते एकदा मोजा. मग प्रत्येक नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही खाली वाकून बघितलं की रेघ तुटली आहे का ते एका नजरेत कळतं.

पहिली चक्कर

मोकळा रस्ता, कमी वेग, काच खाली आणि रेडिओ बंद. आधी गतिरोधकावरून एक एक चाक नेऊन आवाज ऐका. ठक असा एकच आवाज आला तर लिंकचा नट ढिला आहे किंवा बार आडवा सरकतोय. कुरकुर येत असेल तर बुशला ग्रीस कमी पडलंय. वळणं हळूहळू वाढवत न्या, आणि ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीने पहिल्यांदा जाताना नेहमीपेक्षा कमी वेग ठेवा, कारण मागची बाजू कुठे सुटते याची तुमची जुनी सवय आता चालणार नाही. मागचा भाग चंचल वाटला तर कडक भोकाकडे जाण्याचा विचार नको. मऊ भोकावरही तसंच वाटत असेल तर बार तुमच्या वापरासाठी जाड आहे, पातळ घ्या.

८० ते १५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, यू-बोल्ट आधी. नवीन रंग आणि बुश दबून बसतात, त्यामुळे थोडी ढील येणं स्वाभाविक आहे. त्यानंतर दर ऑइल बदलाला खाली वाकून मार्करच्या रेघा, लिंकच्या बुशमधल्या भेगा आणि ब्रेक पाइपवर कुठे घासल्याची चकाकी आहे का ते बघा. पाण्याचिखलातून चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा ब्रॅकेट सोडून बुश पुसून नवं ग्रीस द्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी सोडलेल्या नायलॉकच्या जागी नवा नायलॉक.